‘वॉकिंग द क्लाउड्स’ : जगबुडीनंतरच्या माणसांच्या विज्ञानकथा

विज्ञानकथेत जगाचा अंत बहुधा पुढे कधीतरी व्हायचा असतो. उत्तर अमेरिकेतील अनिशिनाबे या आदिवासी समाजातील अभ्यासक ग्रेस डिलन यांनी संपादित केलेल्या ‘वॉकिंग द क्लाउड्स’ (युनिव्हर्सिटी ऑफ ॲरिझोना प्रेस, २०१२) या संग्रहातील आदिवासी लेखक मात्र तो होऊन गेला आहे असे धरून लिहितात. जमीन गेली, साथींनी वस्त्या ओस पडल्या, मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडले गेले, आणि तरीही जी माणसे उरली त्यांचा उद्या कसा असेल, याचा शोध हे लेखक घेतात. नंदुरबार जिल्ह्यातील वाचकाला हे फार समजावून सांगावे लागणार नाही. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली, मणिबेलीचे शूलपाणेश्वराचे मंदिर पाण्याखाली गेले, आणि नर्मदाकाठच्या भिल्ल व पावरा कुटुंबांना पुनर्वसन वसाहतींत संसार नव्याने मांडावे लागले.

मला सर्वांत भिडली ती ईडन रॉबिन्सन यांची ‘टर्मिनल अव्हेन्यू’ ही कथा. कॅनडात आदिवासींच्या पॉटलॅच या सामूहिक मेजवानीच्या आणि दानाच्या सोहळ्यावर १८८५ ते १९५१ या काळात कायद्याने बंदी होती. रॉबिन्सन यांनी नजीकच्या भविष्यातील व्हँकुव्हर उभे करताना ती बंदी परत आणली आहे, त्यामुळे कथेतील पोलिसी अत्याचार कल्पित वाटतच नाहीत. सातपुड्यातल्या काठीच्या राजवाडी होळीवर उद्या अशी बंदी आली तर काय होईल, असा विचार मनात आला आणि कथेची धार अधिकच जाणवली. न्यूझीलंडमधील माओरी कवी रॉबर्ट सलिव्हन यांच्या कवितांत पूर्वजांची होडी थेट अंतराळात निघते. ताऱ्यांच्या आधाराने महासागर ओलांडणाऱ्यांचे ज्ञान इथे विज्ञान म्हणूनच येते, आणि ते योग्यच आहे.

संग्रहाची मोठी उणीव अशी की, यातील बरेच लेखन कादंबऱ्यांतून उचललेल्या उताऱ्यांचे आहे. अमेरिकेतील आदिवासी लेखिका लेस्ली मार्मन सिल्को यांचा उतारा जेमतेम पकड घेतो तोच संपतो. प्रस्तावना मोलाची आहे, कारण ‘इंडिजिनस फ्युचरिझम्स’ (आदिवासींनी आपल्या नजरेतून रंगवलेले भविष्य) ही संज्ञा रूढ करणाऱ्या डिलन यांची भूमिका तीत कळते, पण तिची परिभाषा विद्यापीठीय आणि जड आहे.

पुस्तक इंग्रजीत असले तरी महाविद्यालयीन ग्रंथालयांनी ते अवश्य घ्यावे. भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची कविता वाचलेल्यांना यातला, आपले म्हणणे आपणच मांडण्याचा आग्रह ओळखीचा वाटेल. वाचताना प्रस्तावना शेवटी ठेवावी आणि सुरुवात रॉबिन्सन यांच्या कथेपासून करावी.