लहान मुलांच्या संधिवातासाठी ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’ घ्यावे का? चिपळूणच्या रक्तसंकलन केंद्रातील अनुभव

चिपळुणात आता मोठ्या प्रयोगशाळांची रक्तसंकलन केंद्रे बरीच झाली आहेत आणि त्यांच्या दरपत्रकात ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’ नावाचे पॅकेज हमखास दिसते. माझ्या पाच वर्षांच्या मुलीला ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, म्हणजेच जेआयए, हा बालपणीचा संधिवात आहे. तिच्यासाठी शहरातल्या एका केंद्रातून हे पॅकेज घेतले आणि उपचार सुरू झाल्यानंतरच्या तपासण्याही तिथेच चालू आहेत. खेड, गुहागर, सावर्डे या भागांतले पालक मुलाचा सुजलेला गुडघा घेऊन अशाच केंद्रांकडे येतात आणि बालसंधिवाताच्या तज्ज्ञांसाठी मुंबई-पुणे गाठावे लागते. म्हणून या पॅकेजमधून काय कळते आणि काय कळत नाही, हे सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते.

आधी केंद्राच्या कामाविषयी, कारण ते खरोखर चांगले आहे. लहान मुलांची शीर बारीक असते आणि एकदा सुईची धास्ती बसली की पुढची प्रत्येक तपासणी अवघड होते, हे तिथल्या तंत्रज्ञ ताईंना नेमके ठाऊक आहे. त्या फुलपाखरासारख्या पंखांची बारीक सुई वापरतात, कोणत्या ट्यूबमध्ये किती रक्त लागेल याचा हिशेब आधीच करतात आणि एकाच टोचण्यात सगळ्या ट्यूब भरतात. सुन्न करणारे मलम तासभर आधी घरून लावून आणा, असे त्यांनी आपणहून सुचवले होते. “बाय, मूठ घट्ट आवळ गो, झालंच आता,” असे म्हणत त्या मुलीशी बोलत राहतात, आणि ती आता तिथे रडत नाही. वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या मुलासाठी केंद्र निवडताना मी या एका गोष्टीला दरांपेक्षा अधिक महत्त्व देईन.

पॅकेजविषयीचे माझे मत मात्र वेगळे आहे. त्यात शरीरातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, र्‍हुमॅटॉइड फॅक्टर म्हणजे आरएफ, अँटी-सीसीपी व एएनए ही स्वतःच्याच शरीराविरुद्धची प्रतिपिंडे, एएसओ, युरिक अॅसिड आणि एचएलए-बी२७ अशा तपासण्या एकत्र बांधलेल्या आहेत. ही जुळणी मोठ्या माणसांच्या सांधेदुखीसाठी केलेली दिसते. युरिक अॅसिड पाहतात ते गाऊटसाठी, म्हणजे युरिक अॅसिड साठून होणाऱ्या सांधेदुखीसाठी, आणि तो आजार पाच वर्षांच्या मुलात जवळपास आढळतच नाही. एएसओ ही स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गाची खूण आहे. सांधेदुखी एका सांध्यातून दुसऱ्यात सरकत असेल आणि डॉक्टरांना र्‍हुमॅटिक फीव्हरची, म्हणजे त्या संसर्गानंतर येणाऱ्या तापाची, शंका असेल, तर ती जरूर करावी, एरवी तिचे काम नाही.

सर्वांत जास्त गैरसमज आरएफमुळे होतो. अहवाल आल्यावर प्रयोगशाळेच्या मदत क्रमांकावरून आम्हाला सांगण्यात आले की, आरएफ निगेटिव्ह आहे, तेव्हा मुलीला संधिवात नाही. हे विधान चुकीचे आहे आणि ते ऐकून एखादे कुटुंब उपचार लांबवू शकते, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. जेआयए असलेल्या मुलांपैकी साधारण शंभरातल्या पाचच मुलांमध्ये आरएफ पॉझिटिव्ह असतो. उरलेल्या बहुसंख्य मुलांचा अहवाल निगेटिव्हच येतो. उलट बाजूने, आरएफ एकदा पॉझिटिव्ह आला म्हणून त्या मुलाला आरएफ-पॉझिटिव्ह गटात टाकत नाहीत. आजाराच्या पहिल्या सहा महिन्यांत, किमान तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा तो पॉझिटिव्ह यावा लागतो. मुळात जेआयएचे निदान रक्तावरून होतच नाही. वय सोळाच्या आत, सांध्याला सूज किमान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरे कोणतेही कारण सापडलेले नाही, या तीन गोष्टींवर ते ठरते. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस, डेंग्यू आणि चिकुनगुनिया फिरत असतात, त्यांत ताप व अंगदुखी असते आणि सीआरपीही वाढू शकते. त्यामुळे सहा आठवड्यांची ही अट आणि डॉक्टरांनी हाताने केलेली सांध्यांची तपासणी कोकणातल्या मुलांसाठी विशेष मोलाची आहे.

एएनए ही पॅकेजमधली सर्वांत उपयोगी तपासणी आहे, पण तिचा उपयोग काय, हे अहवालात कुठेच लिहिलेले नसते. एएनए निरोगी मुलांतही कमी प्रमाणात सापडतो, म्हणून तेवढ्यावरून निदान करता येत नाही. मात्र जेआयए ठरलेल्या मुलात, विशेषतः लहान वयात आजार सुरू झालेल्या आणि थोडेच सांधे धरलेल्या मुलींमध्ये, एएनए पॉझिटिव्ह असेल तर डोळ्याच्या मधल्या थराला सूज येण्याचा, म्हणजे युव्हायटिसचा, धोका वाढतो. हा डोळा लाल होत नाही, दुखत नाही आणि मूल तक्रारही करत नाही. नजर कमी झाल्यावरच ते घरच्यांच्या लक्षात येते. म्हणून अशा मुलांचे डोळे दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्प या डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली तपासायचे असतात, आणि त्या यंत्रासाठी मुंबईला जाण्याची गरज नाही, ते आपल्या भागातल्या नेत्रतज्ज्ञांकडेही असते. एएनएची तपासणी इम्युनोफ्लुरोसन्स (चमकणाऱ्या रंगाच्या) पद्धतीने झाली आहे का आणि अहवालात १:८०, १:१६० असे टायटर, म्हणजे रक्त किती पातळ करूनही एएनए दिसला तो आकडा, दिले आहे का, हे आवर्जून पाहावे. आमच्या केंद्राच्या अहवालात पद्धत, टायटर आणि चमक कोणत्या आकृतीत दिसली (पॅटर्न) हे तिन्ही तपशील होते, याबद्दल प्रयोगशाळेला पूर्ण श्रेय द्यायला हवे.

एचएलए-बी२७ बहुधा पॅकेजची किंमत वाढवते. ही जनुकीय खूण आहे आणि ती आयुष्यात बदलत नाही, त्यामुळे ती दुसऱ्यांदा करण्यात अर्थ नाही. सहा वर्षांपुढचा मुलगा, टाचेत किंवा कमरेत दुखणे आणि घरात कुणाला पाठीच्या कण्याचा संधिवात, असे चित्र असेल तर डॉक्टर ती स्वतः सांगतात.

आता ईएसआरविषयी, कारण इथे अंतराचा प्रश्न येतो. खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या रक्ताचा ईएसआर साधारण चार तासांत लावावा लागतो. उशीर झाला की आकडा खोटा उतरतो. चिपळूणमध्ये सकाळी घेतलेला नमुना मुंबईच्या मुख्य प्रयोगशाळेत जाऊन लागत असेल, तर येणाऱ्या आकड्यावर औषधाचा परिणाम ठरवणे धोक्याचे आहे. आमच्या केंद्रात चौकशी केल्यावर कळले की, हिमोग्राम आणि ईएसआर स्थानिक यंत्रावरच होतात आणि फक्त इम्युनोलॉजीचे, म्हणजे प्रतिपिंडांच्या तपासण्यांचे, नमुने शीतपेटीतून पुढे जातात. ही व्यवस्था योग्य आहे, परंतु ती सगळीकडे नसते, म्हणून काउंटरवर विचारून घ्यावे. सीआरपी प्रवासात तुलनेने टिकून राहते. शिवाय मुलाचे हिमोग्लोबिन कमी असेल तर सूज नसतानाही ईएसआर वाढलेला दिसतो, हे आकडे वाचताना लक्षात ठेवावे.

उपचार लागू पडत आहेत की नाही हे पाहताना या पॅकेजचा उपयोग आणखी कमी होतो. आमच्या मुलीला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि सोबत फॉलिक अॅसिड दिले जाते. अमेरिका आणि तत्कालीन सोव्हिएत संघात मिळून झालेल्या, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२७ मुलांवर हे औषध तपासले गेले. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १० मिलिग्रॅम मात्रा घेणाऱ्या मुलांपैकी ६३ टक्के सुधारली, तर औषध नसलेली दिखाऊ गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांपैकी ३६ टक्के. म्हणजे हे औषध चांगले आहे, पण प्रत्येक मुलाला ते पुरते असे नाही, आणि कुणाला पुरेल हे आधी सांगणारी खात्रीशीर रक्ततपासणी अजून रोजच्या वापरात आलेली नाही. त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. डॉक्टर तो परिणाम मोजतात जेएडीएएस या गुणांकाने, ज्यात सक्रिय सांध्यांची संख्या, डॉक्टरांचे मत, पालकांचे किंवा मुलाचे मत आणि ईएसआर असे चार भाग असतात. चारांपैकी रक्तातून येणारा भाग एकच आहे. म्हणून सकाळी उठल्यावर मुलीचा ताठरपणा किती वेळ टिकतो, जिना कशी चढते, याची नोंद मी वहीत ठेवते आणि डॉक्टर ती वही अहवालाइतक्याच लक्षपूर्वक वाचतात.

संशोधनात सध्या ज्या खुणेकडे आशेने पाहिले जाते ती म्हणजे कॅलप्रोटेक्टिन, ज्याला एमआरपी ८/१४ असेही म्हणतात. सूज असताना पांढऱ्या पेशी हे प्रथिन बाहेर टाकतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आजार शांत झालेल्या ३६४ मुलांचे मेथोट्रेक्सेट सहा किंवा बारा महिन्यांनी थांबवण्यात आले. दोन्ही गटांत आजार उलटण्याचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले, ५६.७ आणि ५५.६ टक्के, पण बाहेरून शांत दिसणाऱ्या ज्या मुलांच्या रक्तात हे प्रथिन अधिक होते, त्यांच्यात तो जास्त उलटला. औषध कधी थांबवावे हा आम्हा पालकांचा सर्वांत मोठा प्रश्न असल्यामुळे या संशोधनाची मला मनापासून वाट आहे. दरपत्रकात ‘कॅलप्रोटेक्टिन’ हे नाव पाहून मात्र लगेच पैसे भरू नयेत. आमच्या केंद्राच्या यादीतली ती तपासणी शौचाच्या नमुन्यावरची, आतड्याच्या सुजेसाठीची आहे.

ज्यांच्या मुलांना ताप आणि पुरळासह येणारा सिस्टेमिक प्रकार आहे, त्यांनी दोन गोष्टी डॉक्टरांकडून नीट समजून घ्याव्यात. टॉसिलिझुमॅब हे औषध इंटरल्यूकिन-६ या सूज वाढवणाऱ्या संदेशाचा मार्ग अडवते आणि यकृत सीआरपी तयार करते ते याच संदेशामुळे; त्यामुळे हे औषध चालू असताना संसर्ग असूनही सीआरपी शांत दिसू शकते. दुसरे म्हणजे, मूल तापाने फणफणत असताना ईएसआर एकाएकी उतरला आणि फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) चढले, तर ते बरे होण्याचे लक्षण नसून मॅक्रोफेज अॅक्टिव्हेशन सिंड्रोम या जिवावरच्या गुंतागुंतीचे असू शकते. २०१६ च्या निकषांत फेरिटिनची सीमा ६८४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर धरलेली आहे. असा अहवाल संध्याकाळी ईमेलने आला तर सकाळपर्यंत थांबू नये.

या केंद्राकडे मी यापुढेही जाईन, पण पॅकेज घेणार नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या तपासण्या सुट्ट्या करून मिळतात: आता आम्ही हिमोग्राम, ईएसआर, सीआरपी, यकृतासाठी एसजीपीटी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन एवढेच करतो, आणि त्याचे बिल पॅकेजपेक्षा बरेच कमी येते. प्रत्येक वेळी त्याच प्रयोगशाळेत केल्यामुळे आकड्यांची तुलनाही सरळ होते. केंद्राने दोन सुधारणा कराव्यात, असे मी त्यांना लेखी कळवले आहे: मुलांच्या अहवालात मुलांच्या वयाप्रमाणे सामान्य मर्यादा छापाव्यात, आणि मदत क्रमांकावरून निदान सांगणे पूर्णपणे थांबवावे. पहिली सुधारणा एसजीपीटी आणि क्रिएटिनिनच्या बाबतीत झालेली दिसते. दुसरीबाबत अद्याप उत्तर आलेले नाही.