बोटीत वजन वाढवायचंय: पाण्याच्या बॅगा, शिसं, लोखंड की वाळूच्या गोण्या?

साधी सतरा-अठरा फुटी फॅमिली बोट वेकबोर्डिंगला, म्हणजे पायात फळी बांधून बोटीच्या दोराला धरून पाण्यावर घसरायला, नेली की पहिली तक्रार एकच, मागे लाटच पडत नाही. पडणार तरी कशी, ही बोट बनवलीच आहे हलकी होऊन पळायला, वेग घेतला की ती वर उचलली जाते आणि पाणी कमी बाजूला सारते, आणि वेकबोर्डवाल्याला तर उडी घ्यायला पाण्याचा चांगला चढ लागतो. खास वेकबोर्डच्या बोटींना कंपनीतूनच पोटात टाक्या येतात, साध्या बोटीला ते नाही, म्हणजे वजन वरून टाकावं लागणार. आता काय टाकायचं यावर दहा जणांची दहा मतं. कोणी म्हणतं सातपूरच्या भंगारातून लोखंडी प्लेटा आण, कोणी म्हणतं वाळूच्या गोण्या टाक विषय संपला, कोणी पाण्याच्या बॅगा मागवायच्या मागे लागलेलं असतं. मी आपल्या नाशिकच्या गंगापूर धरणाच्या हिशोबाने सांगतो, परवानग्या, बोटीची नोंदणी, लाइफ जॅकेट हे सगळं झालंय असं धरून.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे वाचताना गोंधळ नको. वजन आत कसं जाईल याचा विचार सगळे करतात, ते बाहेर किती लवकर निघेल याचा कोणी करत नाही, आणि खरा फरक तिथेच आहे.

त्याआधी बोटीवरची क्षमतेची पाटी बघा. बऱ्याच बोटींवर स्टिअरिंगजवळ छोटी प्लेट असते, माणसं आणि सामान मिळून किती किलो चालतं ते लिहिलेलं असतं. समजा ५५० किलो लिहिलंय आणि सहा जण बसलेत, सरासरी ७० किलो धरले तरी ४२० झाले, उरले १३०. म्हणजे ३०० किलोचं बॅलास्ट, म्हणजे मुद्दाम टाकलेलं जादा वजन, टाकायचं असेल तर माणसं कमी करावी लागतील, बॅलास्ट म्हणजे फुकटचं वजन नाही, ते त्याच ५५० मध्ये मोजायचं. यात तडजोड अजिबात नाही. आणि याच हिशोबाने सगळ्यात स्वस्त बॅलास्ट म्हणजे माणसंच, दोन मित्रांना मागच्या सीटवर बसवा, एकाला पुढे, लगेच लाट बदललेली दिसेल. फक्त माणूस हलतो, वळणावर एका बाजूला झुकतो, त्यामुळे लाट दर वेळी वेगळी, शिकणाऱ्याला याचा त्रास होतो.

आता जागेचं बघू. १८० किलो पाणी म्हणजे १८० लिटर, मागची अर्धी जागा गेली. तेवढंच शिसं साधारण १६ लिटरमध्ये मावतं, लोखंड २३ लिटरमध्ये. वाळू मात्र पाण्याच्या दीडपटच्या आसपास जड, म्हणजे जागेची बचत फारशी नाही आणि कटकट सगळी. गोणी भिजते, शिवण उसवते, वाळू तळात उतरते आणि पाणी बाहेर फेकणारा बिल्ज पंप नेमका तीच वाळू खाऊन बसतो. तळातलं पाणी फेकणारा पंप बंद म्हणजे बोटीचा शेवटचा आधार गेला. वाळूच्या गोण्या माझ्याकडून सरळ बाद.

लोखंड स्वस्त आहे, मिळतं पण लगेच. पण प्लेटांना कोपरे असतात, धरणावर वारा सुटला आणि बोट आपटायला लागली की तोच कोपरा फायबरच्या फ्लोअरमध्ये घुसतो. रबर मॅटमध्ये गुंडाळून, पट्ट्यांनी घट्ट बांधून ठेवलं तर चालेल, गंजाचे डाग राहतातच. शिसं त्याहून सुटसुटीत, छर्रे भरलेल्या जाड कापडाच्या छोट्या बॅगा मिळतात, साधारण २०-२२ किलोची एक, सीटखाली कुठेही सरकवता येते. लाटेची बारीक दुरुस्ती करायला यासारखं दुसरं काही नाही हे मान्य. पण उघडं शिसं, जुन्या बॅटरीतून काढून ओतलेल्या विटा वगैरे, हे गंगापूरला नकोच. ते विषारी आहे आणि धरण नाशिकच्या पिण्याच्या पाण्याचं आहे, आपल्याच नळाला येणारं पाणी. न्यायचंच तर पक्क्या सीलबंद बॅगेत.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी पाण्याच्या बॅगांच्या बाजूने आहे. देव न करो पण बोटीत पाणी शिरलं, तर बॅगेतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच जड असतं, ते बोटीला खाली ओढत नाही. शिसं, लोखंड, वाळू तिघंही ओढतात. बऱ्याच छोट्या बोटींमध्ये फोम भरलेला असतो तो बोट भरली तरी तरंगावी म्हणून, त्या फोमचं गणित वरच्या २०० किलो धातूने पार बिघडतं. शिवाय पाणी पंपाने चार-पाच मिनिटात बाहेर जातं, शिसं मात्र एकेक बॅग उचलून. संध्याकाळी दमलेल्या हातांनी दहा बॅगा जेटीवर चढवायच्या असतात तेव्हा पाठ काय बोलते ते विचारूच नका. मग होतं काय, लोक ते बोटीतच ठेवतात, आणि पुढच्या वेळी घरचे, मुलं घेऊन फिरायला गेले तरी वजन आतच.

बॅगा बाजारात साधारण १८०, ३४०, ५०० किलोच्या येतात. अठरा फुटी बोटीला १८० पेक्षा मोठी बॅग घेऊ नका, पाटीत बसत असेल तर १८० च्या दोन घ्या, मागे डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि नसेल बसत तर एकच, मध्ये. एक मोठी बॅग अर्धी भरून चालवणं सगळ्यात वाईट, अर्ध्या हंड्यासारखं पाणी आत हिंदकळतं आणि वळणावर सगळं वजन एका बाजूला जातं. त्यामुळे नियम एकच, बॅग पूर्ण भरा नाहीतर पूर्ण रिकामी ठेवा. भरताना वरच्या तोंडातून हवा बुडबुडत निघते, सुरुवातीला बॅग एका अंगाला लोळते, मग कडा ताणल्या जातात आणि हाताने दाबली तर ढोलकीसारखी टणक लागते, तेव्हा पंप बंद. त्याच वेळी मागे वळून बघा, बोटीच्या मागची पोहायची फळी पाण्याला टेकायला लागली असेल तर जास्त झालं, एक बॅग पूर्ण रिकामी करा.

आपल्याकडे शेततळ्याच्या कागदाची बॅग वेल्डिंग करून घ्यायची आयडिया कोणीतरी काढतंच. करू नका. तो कागद एका जागी पसरून ठेवायला बनवलाय, दर रविवारी भर-रिकामी, घडी घाल-उघड याला नाही, आणि फाटतं ते नेहमी जोडावर. पीव्हीसी कोटेड जाड कापड, मशीनवर वेल्ड केलेले जोड, तीच बॅग.

पंपात दोन प्रकार. पाण्यात सोडायचा १२ व्होल्टचा पंप, ताशी १२०० गॅलनचा म्हणजे कागदावर मिनिटाला ७५ लिटर, पाइपची लांबी-उंची धरून प्रत्यक्षात कमीच, तरी १८० ची बॅग चार-पाच मिनिटात भरते. तो स्वस्त, पण काढताना पुन्हा बॅगेत सोडावा लागतो. दुसरा रबरी इम्पेलरचा, म्हणजे आत रबरी पात्यांचं चाक असलेला, उलट-सुलट दोन्ही फिरतो, बटण दाबलं की भर, परत दाबलं की काढ, सोय मस्त. पण तो कोरडा चालला की रबर जळतं, आणि पावसाळ्यात-पावसानंतर गोदावरीचं पाणी गढूळ असतं, त्या गाळाने इम्पेलर लवकर झिजतो. नाशिकला मी तरी साधा पंप आणि तोंडाला जाळी सुचवेन. फ्यूज मात्र वेगळा टाका, बॅटरी एकच असेल तर इंजिन चालू ठेवून भरा.

वजन कुठे टाकायचं यावर लाटेचा आकार ठरतो. सगळं मागे टाकलं की लाट उभी आणि आखूड होते, नाक आभाळात जातं आणि चालवणाऱ्याला समोर काही दिसत नाही, मासेमारीची छोटी होडी समोर असली तर काय? थोडं पुढे टाकलं की लाट लांब, मऊ होते. पण बोटीचं तोंड उघडं असेल, पुढे सीटा असतील, तर पुढे जास्त वजन धोक्याचं, पडलेल्याला घ्यायला वेग एकदम कमी केला की आपलीच लाट नाकावरून आत येते. मी सुरुवात जास्त वजन मागे, थोडं पुढे अशी करेन, आणि पुढचं वजन म्हणजे एक माणूस किंवा शिशाच्या दोन-तीन सीलबंद बॅगा, पाण्याची मोठी बॅग नाही.

वेकबोर्डला वेग साधारण ताशी ३२ ते ३७ किलोमीटर लागतो, वजन वाढलं की बोट त्या वेगाला यायला कुथते, पेट्रोल जास्त जातं. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम कमी पडत असतील तर एक-दोन इंच कमी पिचचा (पिच म्हणजे एका फेरीत पंखा कागदावर जितकं पुढे सरकवतो ते अंतर) प्रोपेलर लावा, इंचामागे साधारण १५०-२०० आरपीएम परत मिळतात. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, मागे बाहेर पंखा असलेल्या बोटीमागे, आउटबोर्ड असो की स्टर्नड्राइव्ह, वेकसर्फिंग, म्हणजे दोर सोडून बोटीच्या लाटेवरच घसरणं, करू नका, सर्फर पंख्याच्या अगदी जवळ असतो. दोराने लांब वेकबोर्डिंग ठीक आहे.

मग कोणी काय घ्यावं? अजून नुसतं उभं राहायला शिकताय तर काहीच नको, दोर पंधरा-अठरा मीटरवर आणा, वेग थोडा कमी करा, लाट छोटी असलेलीच बरी. लाट ओलांडून उडी जमायला लागली की १८० च्या पाण्याच्या बॅगा आणि साधा पंप, पाटीत बसेल तेवढ्याच. त्यावर बारीक सुधारणा हवी वाटली तरच शिसं. एप्रिल-मेमध्ये धरणाची पातळी खाली गेलेली असते, तेव्हा बॅलास्ट टाकून काठाजवळ जाऊच नका, जड बोट खोल बसते, पंखा तळाला लागतो, आणि मोठी लाट मातीचा काठ खाते.

बॅगा ट्रेलरवर चढवायच्या आधीच रिकाम्या करा, भरलेल्या बोटीने ट्रेलरचा ॲक्सल आणि गाडीचा क्लच दोन्ही जातील. पाणी त्याच धरणात सोडा, घरी नेऊन पुढच्या आठवड्यात वैतरणा नाहीतर भंडारदऱ्याला सोडायचं नाही, पाणवेलीचे तुकडे असेच एका जलाशयातून दुसऱ्यात जातात. मग झाकण उघडं ठेवून बॅगा सावलीत उलट्या टांगा, दोन-तीन दिवस लागतात आतून सुकायला.