चकलीची जाहिरात आणि शून्यांची रांग: आठ महिन्यांनंतर

आमचं पाककृतींचं छोटं मराठी अ‍ॅप आहे. फुकट वापरणाऱ्यांना जाहिराती दिसतात, वर्गणी भरली की बंद होतात. नवे लोक यावेत म्हणून आम्हीही इतर अ‍ॅप्समध्ये जाहिराती देतो. म्हणजे ट्रॅकिंगवर, म्हणजे वापरणारा इतर अ‍ॅप्समध्ये काय करतो याचा माग काढण्यावर, अ‍ॅपलने घातलेल्या बंधनाची कात्री दोन्ही खिशांना. आयफोनची आवृत्ती आणून आठ महिने झाले.

एप्रिल २०२१ मध्ये आयफोनची आयओएस १४.५ ही प्रणाली आली, तेव्हापासून माग काढू द्यायचा का, हे अ‍ॅपला परवानगीच्या चौकटीतून विचारावं लागतं. नकार आला की फोनच्या जाहिरातींसाठीच्या ओळखक्रमांकाच्या जागी नुसती शून्यं. ही चौकट एकदाच दाखवता येते, आणि आम्ही ती अ‍ॅप उघडताक्षणी दाखवली. कारण काय लिहिलं? ‘आपला अनुभव समृद्ध करण्यासाठी’! कोण हो म्हणेल? (माझ्या स्वतःच्या फोनवर मी सगळ्यांना नाहीच म्हटलंय.) आता दोन पाककृती बघून झाल्यावर सरळ भाषेत विचारतो, होकार वाढलेत. आधी नाही म्हणालेले मात्र गेले ते गेले.

जाहिराती दाखवणारे म्हणून आम्ही तगलो. अनोळखी वाचकाला भाव कमी मिळतो, पण अनारशाच्या पानावर तुपाची जाहिरात लावायला वाचक कोण हे कशाला कळायला हवं? एका मसालेवाल्यांना ती जागा थेट विकली. कूपन कोडवरून किती गिऱ्हाईक आलं ते त्यांना कळतं, तेवढं पुरतं.

खरी पंचाईत जाहिरात देताना. एसकेअ‍ॅडनेटवर्क ४ मध्ये, म्हणजे जाहिरातीतून आलेल्या माणसाने पुढे काय केलं ते ओळख न सांगता कळवणाऱ्या अ‍ॅपलच्या यंत्रणेत, पहिला निरोप पहिल्या दोन दिवसांचा, तोही मुद्दाम २४ ते ४८ तास उशिरा. दुसरा सातव्या दिवसापर्यंतचा, तिसरा पस्तिसाव्या. या दोन्हींत नेमका आकडा नाही, फक्त ‘कमी, मध्यम, जास्त’. वसुबारसेला आलेल्या माणसाचा पहिला हिशोब पाडव्याला, फराळ अर्धा संपल्यावर. शेवटचा तुळशीची लग्नं उरकल्यावर.

शिवाय इन्स्टॉल थोडे असले की तपशील गाळला जातो, माणूस ओळखू येऊ नये म्हणून. तत्त्व पटतं मला. पण मोठ्यांना आकडा आणि आम्हाला रिकामा रकाना, असं होतं. मार्च २०२५ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने या परवानगी-पद्धतीवरून अ‍ॅपलला १५ कोटी युरो दंड केला, तेव्हा छोट्या प्रकाशकांना जास्त झळ बसते हेही म्हटलं होतं.

आम्ही पैसे सात जाहिरातींत वाटायचो, ते बंद केलं. आता एकच मोहीम, चकलीची, म्हणजे इन्स्टॉल विखुरणार नाहीत. करंजी, लाडू पुढच्या दिवाळीला बघू.