१९६४ची एमजीबी रेससाठी तयार करून घेतली, वर्कशॉपच्या कामाचा रिव्ह्यू

गाडी ताब्यात येऊन आता एक पूर्ण सीझन झाला. चार रेस धावलो आणि चारही शेवटपर्यंत पूर्ण झाल्या, म्हणून आता लिहायला बसलोय. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं पेंटचं आणि आवाजाचं कौतुक झालं असतं आणि त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता.

मी गेलो तेव्हा डोक्यात एकच होतं, पॉवर. एमजीबी ही उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, तिचं १७९८ सीसीचं इंजिन मूळात ९५ हॉर्सपॉवरचं, मला ते किती वर जाईल एवढंच विचारायचं होतं. वर्कशॉपच्या मालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आधी सांगा, कुठल्या रेसमध्ये उतरायचंय तुम्हाला? कारण हिस्टॉरिक रेसिंगमध्ये, म्हणजे जुन्या गाड्यांच्या रेसमध्ये, सगळं तिथून सुरू होतं. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटर रेसिंग संघटनेच्या अपेंडिक्स के नियमांत गाड्या काळाप्रमाणे विभागल्यात, १९६२ ते १९६५ हा पिरियड एफ, माझी गाडी त्यात बसते, आणि त्या काळात त्या मॉडेलला जे मंजूर होतं तेच गाडीवर चालतं. आंतरराष्ट्रीय रेसला हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट लागतो, त्यात गाडीचे फोटो, मापं, कुठला पार्ट कुठल्या प्रकारचा सगळं नोंदलेलं असतं. त्यांनी तो फॉर्म पुढ्यात ठेवूनच कामाची यादी केली. माझ्या यादीतल्या तीन गोष्टी तिथेच कटाप झाल्या, त्यात मी हौसेने आधीच घेऊन ठेवलेले मॉडर्न शॉकअपपण होते. तेव्हा वाईट वाटलं, आता त्यांचे आभार मानतो, कारण लावून घेतले असते तर स्क्रूटिनीला, म्हणजे रेसआधीच्या तपासणीत, काढायला लागले असते.

पत्र्याचं काम आधी. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळं वजन पेलते आणि उघड्या गाडीत दाराखालचे सिल हाच तिचा कणा. माझ्या गाडीचे सिल वरून चकाचक आणि आतून गंजलेले. ते कापायच्या आधी त्यांनी दाराच्या चौकटीत आडव्या सळया वेल्ड केल्या, नाहीतर सिल कापल्यावर बॉडी मधोमध खचते आणि मग दार लागत नाही. काम झाल्यावर मी मुद्दाम दार पाच-सहा वेळा उघडून लावून पाहिलं, दोन बोटांनी ढकललं की टक् करून बसतं, फट वरपासून खालपर्यंत सारखी. रोल केज (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा पाइपांचा पिंजरा) त्यानंतरच बसवला, हा क्रम मला फार आवडला.

आता इंजिन, इथे जरा सविस्तर सांगतो कारण पैसा आणि वेळ दोन्ही इथेच गेले. १९६४च्या शेवटी शेवटी एमजीबीला पाच मेन बेअरिंगचं इंजिन आलं, माझं त्याआधीचं तीन बेअरिंगवालं. स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) लांब (८८.९ मिमी) आणि क्रँकला, म्हणजे पिस्टनची चाल फिरवण्यात बदलणाऱ्या दांड्याला, आधार तीनच ठिकाणी, त्यामुळे जास्त आरपीएमला क्रँक वाकायला बघतो. बाहेरून क्रँक ठणठणीत होता, जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) गुळगुळीत, मी तर म्हटलं पॉलिश करून टाका परत. त्यांनी क्रॅक टेस्टला घेतला आणि मला अंधाऱ्या खोलीत बोलावलं. क्रँक मॅग्नेटाइज करून त्यावर चमकणारी शाई ओततात आणि अल्ट्राव्हायोलेट दिवा धरतात. सगळा क्रँक काळा जांभळा दिसतो आणि एका जर्नलच्या कोपऱ्यात, जिथे गोलाई सुरू होते तिथे, केसाएवढी हिरवी रेघ, साधारण नखाएवढी लांब. दिवा बंद करून साध्या उजेडात तीच जागा बघितली, बोट फिरवलं, काहीच नाही! हा क्रँक ६५०० आरपीएमला ब्लॉक फोडून बाहेर आला असता. तेव्हापासून माझा या लोकांवर विश्वास बसला तो बसलाच.

दुसरा क्रँक शोधून, तोही टेस्ट करून, पिस्टन, कनेक्टिंग रॉड, फ्लायव्हील सगळं मिळून बॅलन्स केलं. हेडबद्दल एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती, या इंजिनात चार सिलिंडरला इनलेट पोर्ट दोनच, दोन-दोन सिलिंडर एका पोर्टवर जेवतात, म्हणून एकच वेबर ४५ कार्बोरेटर पुरतो, त्याचं एक नळकांडं एका पोर्टला आणि दुसरं दुसऱ्याला. डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) जेटिंगला, म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल किती जायचं ते जुळवायला, पूर्ण दिवस दिला. १३०च्या थोडं वर हॉर्सपॉवर मिळाली, यापेक्षा जास्त काढता आली असती पण त्यांनीच थांबवलं आणि त्यांचं बरोबर होतं.

ऑइल चेंबरमध्ये आडवे पत्रे, म्हणजे बॅफल, बसवलेत. लांब वळणावर ऑइल एका बाजूला पळतं आणि पंप हवा ओढतो, प्रेशरचा काटा पडतो आणि बेअरिंग गेलं समजा. सीझनभर मी प्रत्येक लांब वळणावर काटा बघत होतो, हललासुद्धा नाही.

सस्पेन्शनमध्ये एमजीबीची एक गंमत आहे, पुढचा आर्मस्ट्राँगचा लिव्हर आर्म शॉकअप हाच वरचा कंट्रोल आर्मपण असतो. म्हणजे त्याची बुश झिजली की नुसतं डॅम्पिंग जात नाही, कॅम्बरच (चाकाचा आत-बाहेर कल) बदलतो. त्यांनी दोन्ही उघडून नवीन बुश, नवीन व्हॉल्व्ह सेटिंग, जाड ऑइल असं सगळं केलं. नंतर गाडीचं एकेक चाक एकेका वजनकाट्यावर ठेवून मला हेल्मेट घालून आत बसवलं, टाकी अर्धी भरलेली, आणि पुढच्या स्प्रिंगच्या बैठकीत पातळ चकत्या घालत घालत कर्णातली, म्हणजे समोरासमोरच्या तिरप्या चाकांवरची, वजनं जुळवली. दोन तास बसलो होतो आत, पण आता गाडी डावीकडे आणि उजवीकडे सारखीच वळते, ब्रेक मारला तर सरळ थांबते. डनलॉपच्या जुन्या पॅटर्नच्या एल सेक्शन रेसिंग टायरवर गाडी थोडी घसरत घसरतच जाते आणि ते घसरणं कधी सुरू होणार ते सीटमधून आधीच कळतं, यासाठी तर मी हा खटाटोप केला!

प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टवर टॉर्क दिल्यावर पिवळी रेघ ओढलेली आहे, अर्धी बोल्टवर अर्धी पत्र्यावर. पहिल्या टेस्ट दिवसानंतर टॉर्च घेऊन खाली गेलो तर एका पाट्याच्या यू-बोल्टची रेघ किंचित तुटलेली, लगेच आवळला. नवीन बसवलेलं काम एकदा बसतंच, फक्त ते दिसायला हवं आणि इथे ते दिसतं.

आता तक्रार. गाडी ठरलेल्या तारखेपेक्षा अकरा आठवडे उशिरा मिळाली. तीन बेअरिंगचा चांगला क्रँक सहज मिळत नाही हे मला मान्य आहे, पण पाच आठवडे एक फोन नाही, मीच करायचो, आणि दर वेळी "पुढच्या आठवड्यात". मी एक रेस बुक केली होती ती सोडावी लागली. आधी सांगितलं असतं तर एन्ट्री वेळेत रद्द केली असती.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. सीट बेल्टच्या लेबलवर तो कुठल्या वर्षापर्यंत चालतो ते छापलेलं असतं, आणि माझ्या गाडीला लावलेला बेल्ट त्यांच्या शेल्फवर पडून होता, त्याची मुदत त्याच वर्षी संपत होती. नवीन म्हणून लावलेला बेल्ट एका सीझनचा निघाला. हे स्क्रूटिनीत त्या अधिकाऱ्याने दाखवलं तेव्हा मला कळलं. इंजिनात केसाएवढी रेघ शोधणाऱ्या लोकांना डोळ्यासमोरचं लेबल दिसू नये याचा मला खरंच राग आला. सांगितल्यावर त्यांनी वाद घातला नाही, नवीन बेल्ट स्वतःच्या खर्चाने दिला आणि टाकीच्या रबर बॅगची आणि अग्निशामकाची तारीखपण माझ्यासमोर तपासून फाईलमध्ये लिहून दिली.

तर पाचपैकी चार स्टार. एक स्टार फोन आणि बेल्टचा कापला. तुम्ही गाडी त्यांच्याकडे देणार असाल तर कामाच्या यादीसोबत तारखांची यादीपण लिहून घ्या, आणि दर आठवड्याला फोटो पाठवायचे हे आधीच ठरवून घ्या, मागितले की देतात. माझा मागचा अ‍ॅक्सल अजून मूळचाच आहे, शेवटच्या रेसमध्ये त्याचा आवाज यायला लागलाय, तो उघडायला पुढच्या महिन्यात गाडी परत त्यांच्याचकडे जातेय.