कॅनॉपी उडवावी की फोडावी?

मरीन ड्राइव्हवर हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाच्या कसरती पाहिल्या असतील, तर त्यांच्या हॉक विमानाचा जवळून काढलेला फोटो जरूर बघा. वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक कॅनॉपीवर वेडीवाकडी रेघ दिसते. ती नक्षी नव्हे, स्फोटक दोरी आहे. संकटात विमानाबाहेर पडायला वैमानिकाने हँडल ओढलं की ही दोरी कॅनॉपी फोडते आणि आसन वैमानिकासकट त्यातून वर सुटतं.

सुखोई-30 या लढाऊ विमानाची रीत वेगळी. तिथे आधी अख्खी कॅनॉपी उडते, मग आसन. वाट मोकळी, अंगावर तुकडे नाहीत. पण कॅनॉपी दूर होईपर्यंत आसनाला थांबावं लागतं. ही थांबण्याची वेळ सेकंदाचा लहानसा अंश. उंचावर ती चालून जाते. जमिनीलगत विमान खाली झेपावत असेल, तर तेवढ्यातही जीव जाऊ शकतो.

दोरीची किंमत वैमानिकाच्या कातडीला मोजावी लागते. तप्त धातूचे शिंतोडे, ॲक्रिलिकचे तुकडे. मान आणि मनगटं उघडी असतील तर भाजू शकतात. म्हणून हेल्मेटची काच म्हणजे व्हायझर खाली, हातमोजे चढवलेले, बाह्या मनगटापर्यंत. मुंबईच्या दमट उकाड्यात राहणाऱ्या आपल्याला बाह्या सरसावायचा मोह कळतो, पण कॉकपिटमध्ये तो परवडत नाही.

माझं मत दोरीच्या बाजूने. भाजलेलं भरून येतं. मणक्यावरचा दणका मात्र दोन्हीकडे तसाच: पाठ ताठ नसेल तर मणका मोडू शकतो. आणि हँडल ओढायला उशीर झाला, तर दोन्ही पद्धती निरुपयोगी. सिम्युलेटरवर सर्वाधिक घोटून घ्यायला हवा तो हाच निर्णय.