कॅल्कमधील रेघा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मे महिन्यात आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदारपदाची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा दरवर्षी वर्गणी मागणारे सॉफ्टवेअर न घेता मी लिब्रेऑफिसचे कॅल्क, म्हणजे एक्सेलसारखे तक्ते करण्याचे मोफत सॉफ्टवेअर, वापरायचे ठरवले. ५२ सदनिकांच्या हिशेबासाठी सभासदांचे पैसे त्यावर घालवणे मला पटत नव्हते. सूत्रे, बेरजा, फिल्टर यांबाबत कॅल्कने एकदाही अडवलेले नाही, त्यामुळे त्यांवर काही लिहीत नाही. लिहायचे आहे ते रेघांविषयी.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्या सभेसाठी मी थकबाकीचा सात रकान्यांचा तक्ता तयार केला. पडद्यावर तो आखीव वहीसारखा दिसत होता, म्हणून छापण्यापूर्वीची झलक न पाहताच ५२ प्रती, म्हणजे १०४ कागद, काढून आणले. दोन रुपयांना एक याप्रमाणे २०८ रुपये गेले आणि एकाही कागदावर रेघ नव्हती. सभेत एक ज्येष्ठ सभासद स्टीलची पट्टी एकेका ओळीखाली सरकवत आपली बाकी शोधत होते. दुसऱ्या एका सभासदाने शेजारच्या सदनिकेची थकबाकी आपलीच समजून वाचली आणि भर सभेत खुलासा मागितला. त्यांची काहीही चूक नव्हती, आणि याचे मला आजही वाईट वाटते.

पडद्यावरच्या फिकट रेघा केवळ डोळ्यांच्या सोयीसाठी असतात. त्या छापायच्या असल्यास तसे वेगळे सांगावे लागते, आणि एक्सेलमध्येही हीच पद्धत आहे. कॅल्कमध्ये फॉरमॅट मेनूतील पेज स्टाइल उघडून शीट या टॅबवर ग्रिडसमोर (ग्रिड म्हणजे त्याच फिकट रेघांची जाळी) खूण करायची. ही खूण पृष्ठाच्या शैलीला लागू होत असल्यामुळे, एकच शैली वापरणाऱ्या माझ्या बाराही महिन्यांच्या पानांवर एका झटक्यात रेघा आल्या, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

बॉर्डरची, म्हणजे तक्त्यातल्या चौकटींना आपण स्वतः द्यायच्या रेघांची, गरजच काय, असे त्यानंतरचे दोन महिने मला वाटत होते. ते मत मी आता बदलले आहे. छापलेली ग्रिड तक्त्यातल्या सगळ्या चौकटींना एकसारखी रेघ देते, त्यामुळे बेरजेची ओळ आणि साधी ओळ यांत फरक उरत नाही. म्हणून बॉर्डरकडे वळलो आणि आधी सगळा तक्ता निवडून चारही बाजूंना १.५ पॉइंट जाडीची काळी रेघ दिली, तर आकड्यांच्या आधी रेघाच दिसू लागल्या. मग ०.०५ पॉइंटची केसासारखी रेघ घेतली. मूळ प्रतीवर ती फार देखणी दिसत होती, पण झेरॉक्समध्ये जागोजागी तुटली. अखेर ०.७५ पॉइंटच्या गडद राखाडी रंगाच्या फक्त आडव्या रेघा ठेवल्या, शीर्षकाखाली १.५ पॉइंटची रेघ दिली, आणि बेरजेच्या वर एकेरी व खाली दुहेरी रेघ ओढली, जशी हाताने लिहिलेल्या खातेवहीत असते. उभी रेघ ‘एकूण’ या रकान्याआधी एकच आहे. चौकटीच्या आतली, रेघ आणि आकडा यांमधली मोकळी जागा मुळात ०.३५ मिलिमीटर असते. ती १ मिलिमीटर केल्यावर आकडे रेघेला चिकटेनासे झाले, आणि हा एवढासा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो.

पडद्यावरच्या फिकट रेघा आता मी व्ह्यू मेनूतून बंदच ठेवतो, म्हणजे जे दिसते तेच कागदावर उतरते. दिसणारी रेघ आणि छापली जाणारी रेघ वेगळी ठेवण्यामागचा विचार सप्टेंबरमध्ये मला चुकीचा वाटला होता, आज तो योग्य वाटतो.

एक खबरदारी मात्र अजूनही घ्यावी लागते. नेहमीप्रमाणे कॉपी-पेस्ट केल्यास आकड्याबरोबर त्याची बॉर्डरही येते. नोव्हेंबरच्या पानावर बेरजेची दुहेरी रेघ अशीच ३१ क्रमांकाच्या सदनिकेखाली येऊन बसली होती आणि तिथेच हिशेब संपल्यासारखे दिसत होते. तेव्हापासून कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही ही बटणे एकत्र दाबून पेस्ट स्पेशल उघडतो आणि फॉरमॅट्सवरची खूण काढतो. सगळी मांडणी टेम्प्लेट म्हणून जतन केली आहे, त्यामुळे एप्रिलपासूनची नवी फाइल त्यावरूनच सुरू होईल, आणि या वेळी ५२ प्रती काढण्याआधी एक प्रत त्या पट्टीवाल्या सभासदांना दाखवणार आहे.