पोईपेतच्या ‘व्हिसा रन’मध्ये 2,800 बाट कसे उकळले गेले

थायलंडमधला व्हिसाशिवायचा 60 दिवसांचा मुक्काम संपत आला की अरण्यप्रथेतहून सीमा ओलांडून कंबोडियातल्या पोईपेतला जायचे आणि त्याच दिवशी परत येऊन आणखी 60 दिवसांचा नवा शिक्का घ्यायचा, हा प्रकार तेव्हा कसा चालायचा ते नव्याने सांगायला नको. नोव्हेंबर 2024 मध्ये मी बँकॉकच्या एका एजंटमार्फत तो केला आणि 2,900 बाटांचे पॅकेज मला 5,700 बाटांना, म्हणजे जवळपास 14,000 रुपयांना पडले. निघण्यापूर्वी मी लेखी विचारले होते आणि ‘कंबोडियाच्या व्हिसासह सर्व खर्च धरून’ असे लेखी उत्तरही आले होते. तेव्हा चौकशी न करता गेलात, असे कृपया कोणी सुनावू नये.

थायलंडमधून बाहेर पडल्याचा शिक्का बसण्याआधीच व्हॅन एका खोलीसमोर थांबली. भिंतीवर चिकटपट्टीने लावलेला कंबोडियाचा झेंडा होता, टेबलावर लॅमिनेट केलेले दरपत्रक होते आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस सर्वांचे पासपोर्ट गोळा करत होता. भारतीयांचे व्हिसा सीमेवरच्या खिडकीत आज होणार नाहीत, ते इथेच करावे लागतील आणि त्याचे 1,800 बाट होतील, असे त्याने सांगितले. पॅकेजची आठवण करून दिल्यावर ‘त्यात साधा व्हिसा आहे, हा तातडीचा’ असे उत्तर मिळाले. पर्यटक व्हिसाचा सरकारी दर 30 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने हजार बाटांहून थोडा अधिक, हे मला ठाऊक होते. तरीही पैसे दिले, कारण पासपोर्ट त्याच्या हातात होता, माझी मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती आणि मुदत उलटली की दिवसाला 500 बाट दंड बसतो. व्हॅनमधल्या एकानेही हूं की चूं केले नाही.

आमच्या पासपोर्टांना रबर लावून त्याने ते एका पोराकडे दिले, पोराने स्कूटरला किक मारली आणि तो थेट सीमेच्या दिशेने गेला. तिथली खिडकी आमच्यासाठी बंद असेल, तर हा पोरगा पासपोर्ट घेऊन कुठे चालला होता? तो प्रश्न त्या क्षणी डोक्यात यायला हवा होता; आला तो परतीच्या व्हॅनमध्ये. तासाभरात पासपोर्ट परत आले, आत पानभर चिकटवलेला अगदी अस्सल व्हिसा होता. थायलंडमधून बाहेर पडल्याचा शिक्का बसेपर्यंत कंबोडियाच्या व्हिसाचे पैसे कोणालाही देऊ नका. त्याहून बरे म्हणजे ई-व्हिसा आधीच काढून ठेवा.

पुढे ‘त्याच दिवशी परतण्याची परवानगी’ म्हणून 500 बाट गेले, त्याची पावती नाही. थायलंडमध्ये पुन्हा शिरताना 20,000 बाट रोख दाखवावे लागतील, असे सांगून एजंटच्या माणसाने तेवढ्या नोटा पाच मिनिटांसाठी हातात ठेवल्या आणि त्याचे भाडे आणखी 500 बाट घेतले. माझ्याकडे कोणी रोख मागितलीच नाही. जवळ पुरेसे पैसे आहेत का, हे अधिकारी विचारू शकतात, त्यामुळे ही थाप पचते. स्वतःची रोकड स्वतः न्या.

तक्रारीची कथा याहून संतापजनक आहे. सीमेवरच्या चौकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उलटून पाहिला आणि व्हिसा खरा आहे, मग फसवणूक कुठे झाली, असे मलाच विचारले. जादा पैसे घेतले म्हटल्यावर व्हिसा कंबोडियाचा, तेव्हा तक्रार पलीकडे करा, असे सांगण्यात आले. पलीकडच्या खिडकीवर उत्तर मिळाले की पैसे थायलंडच्या हद्दीत दिलेत, आमचा संबंध नाही. बँकॉकला परतून एका ठाण्यात गेले, तर तिथे पावती मागितली; पावतीवर ‘सेवा शुल्क’ लिहिलेले पाहून, सेवा मिळाली ना, म्हणून कागद परत केला. एजंटचे लेखी आश्वासन मी तीन ठिकाणी पुढे केले आणि एकाही माणसाने ते वाचण्याची तसदी घेतली नाही. रोज शेकडो पासपोर्ट ज्या नाक्यावरून जात होते, तिथून हाकेच्या अंतरावर झेंडा लावून दुकान चालत होते आणि ते कोणाच्याच हद्दीत येत नव्हते, यावर मी विश्वास ठेवावा अशी या सर्वांची अपेक्षा होती! पासपोर्ट हातातून जाण्याआधीच पर्यटक पोलिसांच्या 1155 या क्रमांकावर फोन करा. व्हिसा चिकटवून झाल्यावर तुमचे कोणी ऐकणार नाही.

बँकॉकहून सीमेपर्यंत तिसऱ्या वर्गाची रेल्वे होती, तिकीट 49 बाट. इमिग्रेशन कार्यालयात 1,900 बाट भरून 30 दिवसांची मुदतवाढही मिळते. मला 60 दिवस हवे होते, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. जमिनीवरून व्हिसाशिवाय प्रवेश कॅलेंडर वर्षात दोनदाच मिळतो, हे एजंट बोलत नाही. आपले शिक्के आपणच मोजा.

जून 2025 मध्ये थायलंड आणि कंबोडियामधली जमिनीवरची नाकी बंद झाली. त्यानंतर त्याच एजंटचा मला पुन्हा संदेश आला आहे: आता नोंगखाईचा पूल ओलांडून लाओस, व्हिसासह सर्व खर्च धरून.